'अगास्ट' : अर्थ व उपयोग



इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत 'अगास्ट' हे विशेषण आढळते. त्याचा अर्थ 'आश्चर्यचकित' एवढाच सांगितला, तर विद्यार्थी तो शब्द भलत्या ठिकाणी योजतो. पहिले बक्षीस मिळाल्याचे ऐकून मुलगी 'अगास्ट' झाली, असे वाक्य तो निःशंकपणे लिहितो आणि गुण गमावतो. वास्तविक उणीव त्याला मिळालेल्या अर्थात असते.

शब्दाचे मूळ पाहिले असता हे स्पष्ट होते. मध्ययुगीन इंग्रजीत 'भेदरविणे' या अर्थाचे एक क्रियापद होते. त्याच्यापासून साधलेले हे विशेषण. आरंभी त्यात 'एच' हे अक्षर नव्हते. भूत या अर्थाच्या 'गोस्ट' शब्दाच्या सादृश्याने ते पुढे लेखनात शिरले. उच्चारात मात्र आले नाही. तात्पर्य, भय हा या शब्दाचा गाभा होय.

येथे नाट्यशास्त्रातील संज्ञा उपयोगी पडतात. भरतमुनींनी विस्मय हा अद्भुत रसाचा व भय हा भयानक रसाचा स्थायिभाव मानला असून, 'स्तंभ' हा आठ सात्त्विक भावांत गणला आहे. 'अगास्ट' या अवस्थेत तिन्ही एकवटतात : अकल्पित घडल्याचा विस्मय, अनर्थाचे भय आणि क्षणभर जागीच खिळणे. हे भय स्वतःच्या जिवाचेच असावे असे नाही. दुसऱ्याचे क्रौर्य वा धडधडीत अन्याय पाहूनही मनुष्य 'अगास्ट' होतो. मराठीत प्रसंगानुसार 'भयचकित', 'हबकलेला', 'पायाखालची वाळू सरकली' असे प्रयोग करावेत.

उपयोगाचे दोन नियम ध्यानात ठेवावेत. हे विशेषण सहसा नामापूर्वी येत नाही. 'स्टूड अगास्ट' याप्रमाणे क्रियापदानंतर येते. तसेच ज्यामुळे मन हादरले, ते सांगताना 'ॲट' हे शब्दयोगी अव्यय योजतात.

वर्गात पुढील दोन प्रसंग सांगावेत. पहिला : मामा अवचित खाऊ घेऊन दारात उभे राहिले. दुसरा : नुकताच बांधलेला बंधारा एका रात्रीत फुटून उभी पिके वाहून गेलेली गावकऱ्यांनी पाहिली. 'अगास्ट' कोठे शोभेल व का, हे मुलांनाच विचारावे. कारण सांगता आले, म्हणजे शब्द त्यांचा झाला असे समजावे. केवळ प्रतिशब्द पाठ करून घेतल्याने ते साधत नाही.