दुःखालाही थोडी सवड द्या



आपल्या जिल्ह्यात थांबायला सवड कुणाला आहे? जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांच्या कारखान्यातली रात्रपाळी असते, शेतात कापूस वेचणी असते. मंठा-घनसावंगीकडच्या ऊसतोड टोळीने उचल घेतलेली असते, म्हणून निघावंच लागतं. घरात कुणी गेलं तरी जलदान विधी उरकला की माणूस लगेच कामावर. वर आपणच त्याला सांगतो, "बाबासाहेबांनी चार लेकरं गमावली, तरी ते थांबले नाहीत. तूही सावर."

हे सांगणं अर्धंच खरं आहे. जुलै १९२६ मध्ये लहानगा राजरत्न गेला. ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपण किती खचलो आहोत हे मोकळेपणाने कळवलं. २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. २७ मे १९३५ ला माता रमाई गेल्या, तेव्हा ते खोलीत एकटे रडत राहिले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्याची घोषणा केली. दुःख कबूल केल्याने त्यांचं कार्य अडलं नाही.

दाबलेलं दुःख कुठे जात नाही, ते शरीरात बोलतं. मन ताणात असलं की शरीरही सतत सावध राहतं. त्यामुळे मान-खांदे आखडतात, झोप तुटते, भूक मरते, पित्त वाढतं, लेकरांवर विनाकारण हात उगारला जातो. आपण डोकेदुखीची गोळी घेतो. काही जण दारूकडे वळतात, पण दारूने झोप आणखी बिघडते आणि उदासी वाढते. (छातीत दुखत असेल तर मात्र मनाचं समजून घरी बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.)

मग करायचं काय? रोज दहा मिनिटं काढू या.

१. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन शांत बसा. मोबाईल बाजूला ठेवा. येणारा-जाणारा श्वास पाहा.

२. दुःख शरीरात कुठे जाणवतं ते पाहा. घसा दाटतो, की पोटात गोळा येतो?

३. त्याला नाव द्या: "मला आईची आठवण येते," "मला अपमान लागला." तथागतांच्या सतिपट्ठानातली वेदनानुपस्सना हेच शिकवते. वेदनेला वेदना म्हणून जाणायचं, तिच्याशी भांडायचं नाही.

४. रडू आलं तर येऊ द्या. पुरुषांनीही.

५. विश्वासाच्या एका माणसाला सांगा. टोळीवर असाल तर सोबतच्या बाईला, गड्याला सांगा.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलं, कशातच मन लागेना, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आणि मराठीत बोलता येतं.

आणि आपण सगळ्यांनी एक करू या. पुढच्या वेळी कुणाच्या घरी जलदानाला गेलो, तर "सावर" म्हणण्याऐवजी "सांग, मी ऐकतो" म्हणू या. महिन्याभराने पुन्हा एकदा त्या घरी जाऊ या. तोवर मंडप निघालेला असतो, पाहुणे गेलेले असतात, आणि खरी गरज तेव्हाच असते.