मातीच्या आधारावर उभे असलेले पाणी : वनस्पतींच्या मत्स्यालयाचा अभ्यासपाठ

शाळेचा वर्धापनदिन जवळ आला की माजी विद्यार्थी शाळेला काहीतरी भेट देऊ इच्छितात. कपाटे, पंखे, पुस्तके यांच्या जोडीला आता काचेचे मत्स्यालयही शाळांच्या दर्शनी दालनात दिसू लागले आहे. बहुधा त्याची मांडणी समारंभाच्या आदल्या दिवशी होते. रंगीत खडी, प्लास्टिकची झाडे, नळाचे ताजे पाणी आणि त्यात डझनभर मासे. समारंभ पार पडतो आणि पुढील काही आठवड्यांत मासे एकेक करून मरू लागतात. मेलेला मासा काढून नवा आणून सोडणे, हाच मग मत्स्यालय सांभाळण्याचा अर्थ होऊन बसतो. रोज त्या काचेसमोरून जाणारे मूल यातून काय शिकते, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. नदीतील माशाला खराब पाण्यातून दूर जाता येते. काचेतील माशाला ती मुभा नसते. त्याचे पाणी जगण्याजोगे ठेवणे ही सर्वस्वी आपली जबाबदारी ठरते.

ही जबाबदारी पार पाडण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे तळाशी सकस माती घालून व भरपूर जिवंत पाणवनस्पती लावून केलेले मत्स्यालय. त्याचा इतिहास, त्यामागील विज्ञान आणि प्रत्यक्ष कृती या क्रमाने आम्ही हा विषय मांडत आहोत.

पित्याचा प्रयोग, पुत्राचे उत्तर

१८४९ साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनांच्या काचपात्रात वाळू व चिखल घातला, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली व पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने पाण्यातील गोगलगायी आणून सोडल्या. कुजणारा भाग त्यांनी खाऊन टाकला आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय खुले झाले.

वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, हे इंगेनहाउझ याने १७७९ मध्येच दाखवून दिले होते. मासे त्या प्राणवायूवर जगतात आणि माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेतात, अशी वॉरिंग्टनच्या प्रयोगाची संगती लागत होती. मात्र तेवढ्याने कोडे पुरते सुटत नव्हते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो व तो माशांनाच विषारी असतो. त्याचे पुढे काय होते?

या प्रश्नाच्या उत्तराचा महत्त्वाचा भाग त्याच्या मुलाच्या हाती लागला. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो कृषिरसायनशास्त्रज्ञ झाला आणि इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात त्याने मातीचा अभ्यास केला. अमोनियाचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट होते आणि या दोन पायऱ्या वेगवेगळे सूक्ष्मजीव घडवून आणतात, असे त्याच्या संशोधनातून पुढे आले. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे काढून दाखविले. काचपात्रात पडलेल्या कोड्याची उकल अशा रीतीने शेताच्या मातीत सापडली. इतिहासाच्या अभ्यासकाला हा योगायोग मोलाचा वाटतो तो एवढ्यासाठी की, मत्स्यालयाचे शास्त्र हे मुळात मातीचे शास्त्र आहे, हे त्यातून सहज कळते.

अलीकडच्या काळात डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम अधिक पसंत करतात; म्हणजे माशाला जे विष, तेच वनस्पतीला अन्न, हा तिच्या विवेचनातील एक मध्यवर्ती मुद्दा आहे.

भातखाचराची ओळख

हे सारे आपल्याला परके नाही. कोकणात वा मावळात ज्यांनी भातलावणी केली आहे, त्यांनी पाण्याखालची माती पाहिलेली आहे. चिखलणी केलेल्या खाचरात पाणी उभे राहिले की थोड्याच दिवसांत मातीतील प्राणवायू संपतो. तेथील लोहाचे रूप बदलून ते विरघळू लागते आणि त्याला जखडलेले स्फुरदही मोकळे होते. भाताच्या रोपात पोकळ नलिका असतात. त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते व मुळांभोवतीच्या मातीला प्राणवायू मिळतो. म्हणूनच चिखलातून उपटलेल्या रोपाच्या मुळांवर तांबूस लेप दिसतो. मत्स्यालयाच्या तळाशी हेच घडते. मुळे दाट असतील तर माती श्वास घेते. मुळे विरळ आणि कुजणारे द्रव्य जास्त असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा असून माशांना घातक असतो.

मातीची निवड

बागेतील किंवा शेताच्या बांधावरची भुसभुशीत पोयट्याची माती उत्तम. ज्या शेतात नुकतेच रासायनिक खत किंवा कीटकनाशक पडले आहे तेथील माती घेऊ नये. ताजे शेणखत मुळीच मिसळू नये. त्यातून अमोनिया मोठ्या प्रमाणात सुटतो. निव्वळ काळी माती पोषक असली तरी ती फुगते, पाणी दीर्घकाळ गढूळ ठेवते आणि तिच्यातील चुनखडीचे कण पाण्याचा जडपणा वाढवितात. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह विपुल असते. ती पोयट्यात मूठभर मिसळण्यास हरकत नाही.

माती चाळून खडे, काड्या व मुळ्या काढाव्यात. नंतर ती पाण्यात भिजवून, वर तरंगणारा कचरा ओतून देऊन, उन्हात वाळवावी. असे तीन-चार वेळा केल्यास सहज कुजणारे द्रव्य आधीच कुजून जाते आणि पुढचा त्रास वाचतो.

प्रत्यक्ष मांडणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचपेटी शाळेसाठी पुरेशी आहे. भरल्यावर तिचे वजन साठ-सत्तर किलो होते. म्हणून बैठक भक्कम व सपाट असावी. खिडकीतील थेट ऊन शेवाळ वाढविते, ते टाळावे.

तळाशी एक इंच जाडीचा ओलसर मातीचा थर द्यावा. या पेटीला साधारण साडेचार लिटर माती लागते. त्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या धुतलेल्या बारीक खडीचा एक इंच थर घालावा. खडी मोठी असेल तर माती वर येते. अगदी बारीक वाळूचा जाड थर दिला तर माती गुदमरते. दोन-तीन इंच पाणी घालून वनस्पती लावाव्यात व मग उरलेले पाणी खडीवर ठेवलेल्या बशीवर हळूहळू ओतावे, म्हणजे माती उसळत नाही. नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्यास त्यातील क्लोरीन उडून जातो.

वनस्पती पहिल्याच दिवशी दाट लावाव्यात. दोन काड्या लावून त्या वाढण्याची वाट पाहिली तर मधल्या काळात शेवाळ माजते. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया व सेराटोफायलम या भारतातील जलाशयांत वाढणाऱ्या वनस्पती चिवट आहेत. थोडी तरंगती वनस्पतीही असावी. ती हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते, झपाट्याने वाढते आणि अमोनिया शोषून घेते. दिव्याचा प्रकाश आरंभी रोज आठ तास पुरे. वॉल्स्टॅड मध्ये काही तास दिवा बंद ठेवण्यास सांगते. त्या अवकाशात पाण्यातील कार्बन डायऑक्साइड पुन्हा साचतो.

मासे केव्हा सोडावेत?

येथेच संयमाची कसोटी लागते. पहिल्या काही आठवड्यांत मातीतून पोषकद्रव्ये पाण्यात उतरतात, पाणी चहासारखे पिंगट होते. दर आठवड्याला पाव ते अर्धे पाणी बदलावे. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने अमोनिया व नायट्राइट मोजावेत. दोन्ही सलग आठवडाभर शून्य आले आणि झाडांना नवी पालवी फुटली, म्हणजे पाणी तयार झाले असे समजावे. याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

त्यानंतरही एकाच वेळी गर्दी करू नये. आपल्या उपखंडातलेच असलेले झेब्रा डॅनिओ सहा ते आठ पुरेत. प्रथम तीन-चार सोडावेत, दोन आठवड्यांनी उरलेले. गोल्डफिश या आकाराच्या पेटीसाठी नव्हेत. ते मोठे होतात आणि माती उकरून रोपे उपटतात. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

वनस्पतीही रात्री प्राणवायू घेतात, हे विसरू नये. पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हापसताना दिसले, तर हवेचा लहान पंप रात्री चालू ठेवावा आणि माशांची संख्या जास्त झाली आहे काय ते तपासावे.

छाटलेल्या वनस्पती किंवा नकोसे मासे ओढ्यात वा तळ्यात कधीही टाकू नयेत. शोभेची म्हणून दक्षिण अमेरिकेतून जगभर नेलेली जलपर्णी आज आपल्या नद्यांचे काय करीत आहे, ते आपण पाहतोच.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना

ज्यांना शाळेला मत्स्यालय द्यावयाचे आहे, त्यांना आमची एक विनंती आहे. ते माशांविना द्यावे. काचपेटी, माती, खडी, रोपे, दिवा आणि चाचणी संच एवढेच द्यावे. समारंभाच्या दिवशी पाहुण्यांना त्यात मासा दिसणार नाही. नुसती रोपे आणि काहीसे पिंगट पाणी दिसेल. त्याची खंत बाळगू नये. पेटीशेजारी एक वही ठेवावी आणि सातवी-आठवीच्या मुलांनी तीत रोज तारीख, पाण्याचे तापमान, अमोनिया, नायट्राइट आणि दिसलेली नवी पाने यांची नोंद करावी. ज्यांच्या घरी शेती आहे अशी मुले मातीच्या बाबतीत इतरांचे शिक्षक होतील, असा आमचा विश्वास आहे.

मासे सोडण्याचा दिवस शिक्षकांनी वा देणगीदारांनी ठरवू नये. तो वहीतील आकड्यांवरून मुलांनीच ठरवावा. दुसऱ्या जिवाला आपल्या हातात घेण्यापूर्वी त्याच्या जगण्याची सोय झाली आहे की नाही हे तपासून पाहण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला करुणेवरचे वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.