शिवारातील शिकारी पक्षी ओळखा, उंदरांचे नियंत्रण सोपे करा



मनमाड परिसरात हरभरा, गहू आणि कांदा शेतात उभा असतो, त्याच दिवसांत आपल्या शिवारावर शिकारी पक्ष्यांची वर्दळ सर्वात जास्त असते. बारमाही पक्ष्यांच्या जोडीला उत्तरेकडून हिवाळी पाहुणेही येतात. आपण मात्र आभाळात फिरणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला घार म्हणून सोडून देतो आणि कोंबडीच्या एखाद्या पिलावर झडप पडली की सर्वांनाच शत्रू ठरवतो. वास्तविक यांतील बहुतेक पक्षी उंदीर, टोळ, नाकतोडे, सरडे व साप यांवर जगतात. ते बिनपगारी राखणदार आहेत. राखणदाराची ओळख असेल, तरच त्याला सांभाळता येईल.

केव्हा व कोठे पाहावे?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निरीक्षणास उत्तम. सूर्योदयानंतर पहिले दोन तास तारा, खांब आणि बाभळीचे शेंडे न्याहाळावेत. ऊन तापू लागले की जमिनीवरील गरम हवा वर चढते व तिच्या आधाराने गरुड, गिधाडे यांसारखे मोठे पक्षी पंख न हलवता उंच जातात. त्यामुळे सकाळी नऊनंतर अंकाई-टंकाईसारख्या कड्यांच्या माथ्यावर नजर ठेवावी. गवताळ रानातील पक्षी पाहण्यास येवला तालुक्यातील ममदापूरचा परिसर, तर पाणथळीचे पक्षी पाहण्यास निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर उपयुक्त आहे. नांदूर मधमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

ओळखीच्या खुणा

१) कापशी : आकार कावळ्याएवढा किंवा थोडा लहान. अंग पांढरे-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबते आणि पाय खाली सोडून उंदरावर उतरते. वर्षभर दिसते.

२) खरूची : हिवाळी पाहुणी. हीसुद्धा हवेत एका जागी थांबते. पण पाठ विटकरी असल्यामुळे कापशीपासून वेगळी ओळखता येते.

३) तिसा : कोरडवाहू माळावरचा तपकिरी पक्षी. डोळा पांढुरका, घशावर काळी उभी रेघ. बांधावरील खांबावर बराच वेळ स्वस्थ बसतो. टोळ, सरडे व उंदीर खातो.

४) भोवत्या : लांब पंख व लांब शेपटीचा हिवाळी पाहुणा. पिकावरून अगदी खालून, डुलत उडतो. रात्री गवताळ रानात जमिनीवरच मुक्काम करतो. म्हणून माळाला आग लावल्यास त्याचा निवाराच जातो.

५) सापमार गरुड : आकाराने घारीहून मोठा, डोके मोठे, डोळे पिवळे, पोटाकडून पांढुरका. माळावर हवेत स्थिर राहून सापाचा माग काढतो.

६) शिक्रा : कबुतराएवढा, पाठ राखी, छातीवर आडव्या तांबूस रेघा. झाडीत दबा धरतो. कोंबडीची लहान पिल्ले उचलतो, तो बहुधा हा किंवा घार. पिल्ले मोठी होईपर्यंत जाळीखाली ठेवावीत. पक्षी मारू नये.

७) गव्हाणी घुबड : बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा. जुने वाडे, गोदामे व पडक्या विहिरींत राहते. उंदीर अख्खा गिळते आणि केस व हाडे यांची गोळी करून तोंडावाटे टाकते. अशी गोळी सापडल्यास पाण्यात भिजवून उकलावी. आतील उंदरांच्या कवट्या मोजल्या की घुबडाने आपले काय काम केले ते दिसते. लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजायचे आणि अपशकुनी म्हणून हाकलायचे, हा विरोधाभास आता सोडला पाहिजे. मनमाडला अन्न महामंडळाची मोठी धान्य गोदामे आहेत. धान्य तेथे उंदीर आणि उंदीर तेथे घुबड हवेच.

पांढऱ्या डोक्याचा गरुड आपल्याकडे आहे का?

पुस्तकात वा दूरदर्शनवर पाहिलेला पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड भारतात आढळत नाही. जलाशयाजवळ पांढरे डोके व छाती आणि विटकरी अंग असलेला पक्षी दिसल्यास ती ब्राह्मणी घार समजावी. मात्र त्या अमेरिकन गरुडाची हकिकत आपल्या कामाची आहे. तेथे डीडीटी पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडात गेले. त्यामुळे अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटू लागली. १९६३ साली अलास्का वगळता मुख्य भूमीवरील राज्यांत घरटी करणाऱ्या केवळ ४१७ जोड्या मोजल्या गेल्या. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली, संरक्षण मिळाले, आणि २००७ साली हा गरुड संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

आपल्याकडे असाच घाला गिधाडांवर पडला. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाऊन त्याची मूत्रपिंडे निकामी करते. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली, तर किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांवर २०२३ साली बंदी आली. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. ती टिकावीत म्हणून जनावरास वेदनाशामक देताना पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅमची मागणी करावी.

शेतात काय करावे?

१) संध्याकाळी उंदरांची सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत बिळे समजावीत. आमिष फक्त त्यांच्या आत ठेवून तोंड बंद करावे. बांधावर उघडे टाकू नये.

२) ब्रोमाडायोलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबड-कापशीला सहज सापडतो. विष मग पक्ष्याच्या पोटात जाते. म्हणून मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

३) हरभऱ्यात एकरी सुमारे २० पक्षीथांबे पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच रोवावेत. दिवसा कोतवालासारखे पक्षी त्यांवर बसून अळ्या टिपतात, रात्री घुबडे बसतात. ज्वारी-बाजरीत दाणे भरू लागताच थांबे काढून घ्यावेत.

४) बांधावरील जुनी बाभूळ, कडुनिंब तोडू नये. घरटे असल्यास पिल्ले उडेपर्यंत त्या झाडाला हात लावू नये.

५) मेलेल्या जनावरावर कधीही विष टाकू नये. कुत्र्या-लांडग्यांसाठी टाकलेले विष गरुड व गिधाडांनाही मारते.

इतर वन्यप्राणी

ममदापूर परिसरात काळवीट पहाटे व सायंकाळी चरताना दिसतात. त्याच माळांवर लांडगा व खोकड यांचाही वावर असतो. खोकड उंदीर खाते, म्हणून तेही मित्रच. काळवीट पिकात शिरल्यास कुत्री मागे लावू नयेत; बिथरलेला कळप उघड्या विहिरीत पडण्याचा धोका असतो. जमिनीलगतच्या विहिरीस कठडा बांधावा. त्यात जनावरांचीच नव्हे, घरातील लेकरांचीही सुरक्षितता आहे. पिकाचे नुकसान झाल्यास वन विभागाकडे विनाविलंब अर्ज करावा. जखमी प्राणी किंवा पक्षी आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राणी मारणे व घरटी पाडणे गुन्हा आहे.

येत्या रब्बीत एक वही करावी. तारीख, गट, दिसलेला पक्षी आणि जिवंत बिळांची संख्या आठवड्यातून एकदा लिहावी. शाळेत जाणाऱ्या मुलांकडे हे काम दिल्यास ती आनंदाने करतील. कोणत्या गटात बिळे वाढली आणि कोठे कापशी रोज उतरते, हे हंगामाअखेर कळेल आणि आमिष कोठे ठेवायचे व कोठे त्याची गरजच नाही, हे आपले आपल्याला ठरवता येईल.