परदेशातला कायदा आणि आपला रंगारी

सरकारचे धोरण दिल्लीत ठरते, अशी आपली समजूत असते. कागदावर ती बरोबरच आहे. राजपत्रात अधिसूचना दिल्लीतूनच निघते. परंतु त्या अधिसूचनेचे मूळ पुष्कळदा देशाबाहेर सापडते. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी कापड आणि चामड्याच्या धंद्यातले एकच उदाहरण नीट पाहू. ते म्हणजे ॲझो रंगांवरील बंदी.

प्रथम हे ॲझो रंग म्हणजे काय ते पाहू. नत्राच्या दोन अणूंच्या जोडणीवर उभ्या असलेल्या कृत्रिम रंगांना हे नाव आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक याच कुळातले. ते सारेच घातक आहेत असे मुळीच नाही. त्यांतले काही रंग मात्र विशिष्ट परिस्थितीत, घामामुळे किंवा शरीरातील जंतूंमुळे फुटतात व त्यांतून बेंझिडीनसारखी अमाइन वर्गातील द्रव्ये सुटतात. बेंझिडीनने मूत्राशयाचा कर्करोग होतो. याचा सुगावा फार जुना आहे. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये हा रोग आढळल्याचे मांडले होते.

म्हणजे धोक्याची माहिती शंभर वर्षे हाताशी होती. तरी डायरेक्ट ब्लॅक ३८, काँगो रेड यांसारखे रंग चालूच राहिले, कारण ते स्वस्त होते आणि वापरायला सोपे. गरम पाणी, मीठ आणि रंग, एवढ्यावर सुती कापड रंगते. चामड्याचा काळा रंगही याच घराण्यातून येई. लहान रंगाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

जुलै १९९४ मध्ये जर्मनीने आपल्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती केली. ज्या मालाचा त्वचेशी दीर्घकाळ संबंध येतो त्यात ठराविक अमाइन सोडणारे ॲझो रंग चालणार नाहीत, असे ठरले. अंमलबजावणीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, पण नियम टळला नाही. पुढे नेदरलँड्सनेही असाच कायदा केला. २००२ साली युरोपीय संघाने २२ अमाइनांची यादी करून एक किलो मालात प्रत्येकी ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. आज हाच नियम युरोपच्या ‘रीच’ नावाच्या रसायनविषयक कायद्यात आहे.

आता भारताकडे वळू. जर्मनी हे आपल्या चामड्याचे, तयार कपड्यांचे आणि गालिच्यांचे मोठे गिऱ्हाईक. बेंझिडीनवर आधारलेल्या ४२ रंगांवर आपल्याकडे १९९३ पासून बंदी होतीच. जर्मनीच्या कायद्यानंतर, मार्च १९९७ मध्ये, केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली आणखी ७० ॲझो रंगांवर बंदी घातली. एकूण ११२.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट आहे. जर्मनीने भारताला असा कायदा करा म्हणून सांगितले नव्हते, कोणता तहही झालेला नव्हता. फक्त दार अरुंद झाले होते. मग सरकारने निर्यातदारांना, तुम्ही तुमचे पाहा, असे का सांगितले नाही? कारण आपल्या धंद्याची रचना. मालेगाव-भिवंडीचे कोरे कापड एका गावी विणले जाते, प्रक्रियेसाठी पाली-बालोत्रासारख्या दुसऱ्या गावी जाते, शिवले जाते तिसऱ्या ठिकाणी. त्यात कोणता रंग कोणत्या पातेल्यातून आला हे निर्यातदाराला शोधून काढता येत नाही. बाजारात वाईट रंग आहे तोवर तो केव्हातरी चांगल्या मालात मिसळणारच. म्हणून बंदी मालाच्या टोकाला घालून भागेना, ती रंगाच्या मुळावर घालावी लागली.

आपला कायदा या बाबतीत जर्मनीच्याही पुढे जातो. तेथे बंदी तयार वस्तूच्या विक्रीवर आहे. आपल्याकडे ती ‘हाताळणी’वर आहे, आणि कायद्यात हाताळणीचा अर्थ बनवणे, साठवणे, वाहून नेणे, वापरणे, विकायला ठेवणे असा सगळाच आहे. रंगाच्या दुकानदाराने फळीवर नुसता डबा ठेवला तरी तो त्यात येतो. शिक्षेच्या तरतुदीही बदलल्या आहेत. जन विश्वास कायदा २०२३ नुसार १ एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली आहे. कैद गेली म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नाही. लहान माणसाला १५ लाख म्हणजे धंदा बुडालाच.

या नियमांत मोठ्या देशांचा स्वार्थ नसतो काय? असतो. जर्मन कंपन्यांनी हे रंग बनवणे कायद्याच्या बऱ्याच आधी सोडून दिले होते. त्यामुळे कायद्याची झळ त्यांना फारशी लागली नाही, लागली ती आशियातल्या कारखान्यांना. शिवाय पर्यायी रंग महाग होते. एवढे असूनही ही बंदी आपल्या हिताची होती असेच म्हणावे लागेल. गिऱ्हाईक तो कपडा काही तास अंगावर घालते. रंगाची पूड श्वासात आणि हातावर रोज घेणारा माणूस आपलाच आहे. त्याच्यासाठी हा कायदा आपण आधीच करायला हवा होता. तो परक्या बाजाराच्या धाकाने झाला, हीच त्यातली खंत.

तक्रार करायचीच तर ती खर्चाच्या वाटणीबद्दल करावी. चाचणी रंगानुसार होते. मोठी गिरणी एकाच रंगाचे हजारो मीटर कापड काढते आणि एका चाचणीचा खर्च त्यावर पसरवते. लहान रंगारी दिवसाला अनेक छटा थोड्या थोड्या काढतो, त्याला प्रत्येक छटेचा दाखला कसा परवडावा? नियम दोघांना सारखा, ओझे मात्र सारखे नाही. वस्त्रोद्योग समितीच्या प्रयोगशाळांतून अशा चाचण्या होतात. एका वस्तीतील रंगाऱ्यांनी मिळून ठराविक रंग एकाच खात्रीच्या विक्रेत्याकडून घेतले, तर तो खर्च बराच खाली येतो.

व्यवहारात पुढील काळजी घ्यावी. रंग सुटा, पुडीत घेऊ नये. डब्यावर व्यापारी नावाखेरीज रंगाचे ‘कलर इंडेक्स’ नाव असते, ते पाहावे. व्यापारी नावे बदलतात, ते बदलत नाही. बिलावर तेच नाव लिहून घ्यावे आणि बिल जपून ठेवावे. ‘ॲझो फ्री’ असे नुसते छापलेले असेल तर विक्रेत्याकडे चाचणीचा कागद मागावा. चामड्याचे काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. १ मे २०१५ पासून युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. कमावताना वापरले जाणारे साधे क्रोम निराळे, पण चुकीची प्रक्रिया किंवा साठवण यांमुळे त्याचे या घातक रूपात रूपांतर होऊ शकते.

आणि हे चक्र उलटेही फिरते. भारतात येणाऱ्या परदेशी कापडातही हे बंदी घातलेले रंग नसावेत, अशी अट आपल्या सरकारने आयातीवर घातली आहे. ज्या नियमाने आपला माल अडला होता, त्याच नियमाने बाहेरून येणारा स्वस्त माल आता आपल्या बंदरात तपासता येतो. स्थानिक व्यापारी संघटनांनी या तपासणीचा आग्रह धरावयास हवा. आजवर तो फारसा कोणी धरलेला दिसत नाही.