कलावतींसाठी कामापुरती कन्नड

(द्वितीय वर्ष, कला)

परभाषा शिकवणारी पुस्तके बाजारात पुष्कळ मिळतात. प्रवाशाने तिकीट कसे मागावे, व्यापाऱ्याने भाव कसा विचारावा, आजाऱ्याने डॉक्टरांना दुखणे कसे सांगावे, याची वाक्ये त्यांत ओळीने दिलेली असतात. परंतु जिची रोजची भाकरीच अनोळखी माणसांशी गोड बोलण्यावर अवलंबून आहे, त्या तमाशाच्या फडावरच्या कलावतीसाठी लिहिलेला चार वाक्यांचा पाठ अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही. सातारा-सांगलीकडचे फड जत्रांच्या हंगामात पूर्वेला जत भागात येतात, सीमेला लागून असलेल्या गावांतही जातात. तेथे समोर बसलेल्या प्रेक्षकांत घरी कन्नड बोलणारे पुष्कळ असतात. लावणी मराठी आणि फर्माईश करणारा कन्नड, अशी ती गाठ असते. अशा वेळी कलावतीने काय बोलावे आणि ते कसे बोलावे, याचा अल्पसा अभ्यास प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. माझ्या घरची भाषा कन्नड आणि शाळेची मराठी असल्यामुळे हे धाडस करीत आहे.

दोन भाषांचा शेजार

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी तो भाग आणि सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जत तालुका आहे. तेथे एकाच घरात आजी कन्नड बोलते आणि नातू मराठीत उत्तर देतो. बाजारात तर एका वाक्याचा पूर्वार्ध एका भाषेत आणि उत्तरार्ध दुसऱ्या भाषेत असतो.

रंगभूमीच्या बाबतीत हा शेजार जुनाच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळावरून मिळाली, हे आपण वर्गात शिकतोच. लावणीचेही तसेच आहे. पठ्ठे बापूराव हे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष गावचे, काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची आणि बैठकीच्या लावणीची कीर्ती दूरवर नेणाऱ्या, १९७७ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या यमुनाबाई वाईकर या वाईच्या. हा सगळा आपला परिसर होय. इकडे कन्नड मुलखातही 'लावणी' हाच शब्द आहे, आणि तेथल्या 'गीगी पदां'त आपल्या कलगी-तुऱ्यासारखे सवाल-जवाब होतात. तेव्हा जतच्या पलीकडचा रसिक लावणीला परका नाही. तो परका आहे तो केवळ बोलण्याला.

फडावर बोलणे कशासाठी?

नाचणारीला बोलण्याची गरज काय, असा प्रश्न एखादा वाचक करील. ज्यांनी फड जवळून पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. गण, गवळण झाली की लावण्या सुरू होतात. एखादा रसिक नोट वर धरतो. ती घ्यायला कलावती पुढे येते. हीच दौलतजादा. त्या वेळी त्याचे नाव आणि गाव विचारावे लागते, कारण ते पुकारायचे असते. त्याला कोणते गाणे हवे ते विचारावे लागते. दुसऱ्याची फर्माईश आधीची असेल तर याला थांबवावे लागते, आणि थांबवताना राग येऊ द्यायचा नसतो. कुणी नोट देता देता हात धरतो. तो सोडवून घ्यायचा, पण हसू मोडायचे नाही, कारण मागे वादकांपासून स्वयंपाकिणीपर्यंत साऱ्या फडाचे पोट त्या नोटांवर असते. हे सारे अर्ध्या मिनिटात आणि ढोलकीच्या आवाजात करायचे असते. मराठी मुलखात ती हे सहज करते. भाषा बदलली की तिच्या हातातले अर्धे शस्त्र गळून पडते.

पहिला पाठ : 'री'

आमच्या भागातल्या कन्नडमध्ये आदर दाखवायचा तर शब्दाच्या शेवटी 'री' लावतात. सांगली-कोल्हापूरकडच्या मराठीत 'कुठनं आलासा?' यातला 'सा' जे काम करतो, साधारण तेच काम हा 'री' करतो. 'बा' म्हणजे ये, 'बर्री' म्हणजे या. 'होग' म्हणजे तू जा, 'होग्री' म्हणजे तुम्ही जा. 'हौद्री' म्हणजे होय जी, 'इल्री' म्हणजे नाही जी. एवढे समजले की निम्मी कन्नड आली, असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही. आता फडावर लागणारी वाक्ये देते. ही पुस्तकी कन्नड नव्हे. बेंगळूरकडचा माणूस 'बसा' याला 'कुळितुकोळ्ळि' म्हणेल, आमच्याकडे 'कुंदर्री' म्हणतात.

नमस्कार्री. (नमस्कार.)
बर्री, कुंदर्री. (या, बसा.)
याव ऊर्री निम्दु? (आपलं गाव कोणतं?)
निम हेसर एन्री? (आपलं नाव काय?)
याव हाड हाड्ली री? (कोणतं गाणं म्हणू?)
इन्नोम्मे हाडतीन्री. (आणखी एकदा म्हणते.)
मेल्लक माताड्री. (सावकाश बोला.)
गोत्तागलिल्री. (समजलं नाही.)
इल्ले इड्री. (इथंच ठेवा.)
होत्तात्री, मनीगे होग्री. (उशीर झाला, घरी जा.)
होगी बर्री. (जाऊन या.)

शेवटचे वाक्य विशेष लक्षात घ्यावे. निघणाऱ्याला नुसते 'जा' म्हणणे मराठीत जसे अशुभ वाटते आणि आपण 'जाऊन या' म्हणतो, तसेच कन्नडमध्येही आहे. पैशाला 'रोक्क' म्हणतात. तो आपल्या 'रोख' शब्दाचाच भाऊ दिसतो. शंभराला 'नूर' आणि पाचशेला 'ऐनूर' हे दोन आकडे आले तरी फडावरचे काम भागते.

फसवे शब्द

दोन शेजारभाषांत सारखे ऐकू येणारे पण निराळ्या अर्थाचे शब्द फार घोटाळा करतात. त्यांतले चार फडावर हमखास भेटतात.

पहिला शब्द 'हाड'. मराठीत हाड म्हणजे अस्थी, आणि 'हाड्!' म्हटले की कुत्रे हाकलणे. कन्नडमध्ये 'हाड' म्हणजे गाणे आणि 'हाड्री' म्हणजे गा. तंबूत दोनशे माणसे एकदम 'हाड्री, हाड्री' ओरडू लागली, तर नवख्या मुलीला आपल्याला हाकलताहेत असेच वाटेल. वास्तविक तो वन्स मोअर असतो.

दुसरा शब्द 'चलो'. आमच्या कन्नडमध्ये 'चलो' म्हणजे चांगले. 'चलो ऐती' म्हणजे छान आहे, 'चलो आत्री' म्हणजे छान झालं. हिंदीची सवय असलेल्या कानाला ते 'चल माझ्याबरोबर' असे वाटते. एखाद्या भल्या म्हाताऱ्याने मनापासून दाद द्यावी आणि बाईने कपाळाला आठ्या घालून तोंड फिरवावे, असे यामुळे होऊ शकते.

तिसरा शब्द 'तंगी'. आपल्याकडे तंगी म्हणजे पैशाची ओढाताण. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. चौथा शब्द 'हौद'. तो पाण्याचा नव्हे, तर 'होय' या अर्थाचा आहे.

नात्याची भाषा

मराठी फडावर रसिकाला 'पाव्हणं', 'दाजी', 'शेठ', 'सरकार' अशी संबोधने आहेत. त्यांत 'दाजी' हा शब्द मला विचार करण्याजोगा वाटला. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. मेहुणी आणि दाजी यांच्यात थट्टामस्करी चालते, अशी आपल्या समाजाची रीत आहे. म्हणजे कलावती जेव्हा 'दाजी' म्हणते तेव्हा ती थट्टेला मुभा देते, आणि त्याच शब्दाने तिची हद्दही ठरवते. दाजी थट्टा करू शकतो, पण तो बहिणीचा नवरा आहे, हे विसरून चालत नाही. थट्टा पुढे जाऊ लागली की ती 'दादा' किंवा 'भाऊ' म्हणते. एका शब्दात दार बंद होते.

कन्नडमध्येही अगदी अशीच सोय आहे. तेथे थट्टेचे नाते 'माव' म्हणजे मामाचे, कारण त्या समाजात मामाशी लग्न होण्याची चाल आहे. लोकगीतांतली नायिका आपल्या जिवलगाला 'माव' म्हणते. दार बंद करायचे तर 'अण्णा' म्हणावे. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि हा शब्द मराठीतही रुळलेला असल्यामुळे दोन्हीकडे चालतो. तरीही कुणी ऐकले नाही, तर एक वाक्य आहे : 'ना निम तंगी इद्दंग री.' मी तुमच्या धाकट्या बहिणीसारखी आहे. गावाकडच्या माणसाला चारचौघांत हे वाक्य ऐकल्यावर पुढे हात करणे अवघड जाते.

नकाराचे व्याकरण

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळते. 'नको' याला आमच्याकडे 'ब्याडा' म्हणतात, आणि क्रियापदाला 'ब्याड' जोडले की मनाई होते. 'मुट्टब्याड' म्हणजे शिवू नको. 'मुट्टब्याड्री' म्हणजे शिवू नका. दोहोंत फरक केवळ एका 'री'चा आहे.

आमच्या आईचे जत्रेत चहाचे दुकान असते. मी लहानपणापासून तेथे कपबशा विसळायला जात आले. तीन वर्षांपूर्वी, मी शाळेत असताना, फडातल्या दोघी-तिघी दुपारी चहाला आल्या. त्यांतल्या वयाने थोर असलेल्या बाईंनी आईला विचारले, "अक्का, कन्नडात 'लांब बसा' कसं म्हणत्यात?" आईने 'दूर कुंदर्री' असे सांगितले. बाईंनी ते पाच-सहा वेळा घोळले. मग बरोबरची मुलगी म्हणाली, "येवढं री-री कशाला? त्यो हात वढतोय न् आपुन जी म्हणायचं व्हय?" तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "तू म्हणलीस की त्यो बी तू म्हणायला मोकळा झाला. आपुन वर ऱ्हायचं."

त्या दिवशी मी त्यांना दहा-बारा वाक्ये कॅलेंडरच्या पाठीमागे देवनागरीत लिहून दिली. वरच्या यादीचा उगम तोच. परंतु माझ्या मनात राहिले ते बाईंचे वाक्य. आदरार्थी बहुवचन हे समोरच्याचा मान ठेवण्यासाठी असते, असे आपण व्याकरणात शिकतो. बाईंच्या बोलण्यात ते बोलणारीचा मान राखण्यासाठी होते. 'री' लावली की मध्ये हातभर अंतर राहते. ज्या बाईला पडदा नाही आणि बाजूला घरचे कुणी नाही, तिने ते अंतर शब्दाने निर्माण केलेले असते. म्हणून नकारातही 'री' सोडू नये, किंबहुना नकारात तर मुळीच सोडू नये, असे मला वाटते.

ही गोष्ट आपल्याच मुलखापुरती नाही. स्पॅनिश भाषेत समोरच्याला 'तू' आणि आदराने 'उस्तेद' अशी दोन संबोधने आहेत. 'मला हात लावू नका' याला आदरार्थी 'नो मे तोके' म्हणतात, आणि एकेरीत 'नो मे तोकेस'. तेथे शेवटचा एक 'स' तेवढा वेगळा. अमेरिकेतल्या एखाद्या शहरात स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे नाचणारी इंग्रजीभाषक मुलगी आणि जतच्या जत्रेत नाचणारी मराठी मुलगी एकमेकींना कधी भेटायच्या नाहीत. पण दोघींना आधी शिकाव्या लागणाऱ्या वाक्यांत हे वाक्य असणारच.

समारोप

लावणीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तिची वृत्ते, तिचे शाहीर, तिचा शृंगार यांवर अभ्यासक्रमात प्रश्नही येतात. मात्र दोन लावण्यांच्या मध्ये कलावती रसिकाशी जे चार शब्द बोलते, ते कुणी टिपून ठेवीत नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांनी तेही टिपावे, अशी विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात जत, कवठे महांकाळ, मिरज या भागांतून येणारे आणि दोन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. त्यांनी आपापल्या गावची वाक्ये जमवली, तर पुढील अंकापर्यंत एक छोटी पुस्तिका होऊ शकेल. ती हंगामापूर्वी फडांना देता येईल. पुस्तिका दोन आणे कमी सुंदर झाली तरी चालेल, पण अक्षर मोठे असावे, कारण ती कंदिलाच्या नाही तरी तंबूच्या मिणमिणत्या दिव्याखाली, घुंगरू बांधता बांधता वाचायची आहे.

दरम्यान ज्यांना सारी वाक्ये पाठ होणार नाहीत, त्यांनी दोनच घ्यावीत : 'बर्री, कुंदर्री' आणि 'मुट्टब्याड्री'. दोन्ही एकाच सुरात म्हणता आली पाहिजेत.