रस्ता सायकलवाल्याचाही आहे

तुळिंज रोडवर संध्याकाळी शेअर रिक्षावाल्याने मला उजवीकडून ओलांडलं, कडेला कुणीतरी हात केलेला दिसताच तो माझ्या चाकासमोर आडवा घुसला आणि जागीच थांबला. मी डाव्या हातावर पडलो. तो उतरला तो थेट रिक्षाच्या मागच्या बाजूला गेला. तिथला ओरखडा अंगठ्याने पुसून बघितला आणि मग मला म्हणाला, "मागून ठोकलंत, चूक तुमची." हात केलेली बाई आत बसून "लवकर चला" म्हणत होती. जमलेल्यांपैकी एकजण बोलला, "काका, एवढ्या गर्दीत सायकल आणता कशाला?"

त्या प्रश्नाने मला खरं काय ते कळलं. सायकलवाल्याला या रस्त्यावर हक्कच नाही, असं यांनी मनाशी ठरवून टाकलंय. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत कामाला जाणारे, पहाटे दूध-पेपर टाकणारे, हे सगळे मग कशाने जाणार?

मी फोन काढून नंबर प्लेटचा फोटो घेतला, तेव्हा त्याचा आवाज एकदम उतरला. "जाऊ द्या ना, दोनशे घ्या." मी घेतले नाहीत. तुम्हीही घेऊ नका. मनगट रात्री सुजलं, एक्स-रेत बारीक तडा निघाला. जागेवर मिटवलं असतं तर तो खर्च कुणाकडे मागायचा?

फोटो आधी काढा, सायकल उचलण्यापूर्वी. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि केसपेपरवर 'वाहन अपघात' असं लिहून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं काम आहे. थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे आणि सायकलस्वार त्यात येतो. भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

चालवताना रिक्षावाल्याच्या तोंडाकडे बघू नका, तो बघतच नसतो. फुटपाथवर हात कुठे वर होतोय ते बघा, रिक्षा तिकडेच वळणार. उभ्या गाडीपासून दरवाजाभर अंतर सोडा. पावसात आचोळे रोडला पाणी साचलं की हॉर्नला घाबरून कडेला सरकू नका, पाण्याखाली गटाराचं झाकण आहे की नाही ते दिसत नाही. वसई फाट्याला डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या बाजूने कधीही घुसू नका, मागे थांबा. हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा.

आणि एक साक्षीदार धरा. मदत करणाऱ्याला कलम 134अ चं संरक्षण आहे, हे त्याला तिथल्या तिथे सांगा. मी सांगितलं तेव्हा बाकीचे पांगले, पण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी आपला नंबर लिहून दिला.