मटण-चीज सँडविच घरी करताना

बजाजनगरातील एक कुटुंब माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून औषधाला येते. वडील वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पाळीने कामाला, मुलगा डिप्लोमाला, घरात आजी. मुलाला हातगाडीवरचे गरम मटण-चीज सँडविच फार आवडे. दोन महिन्यांत दोनदा उलट्या-जुलाब झाले, तेव्हा मी त्याच्या आईला सांगितले, "ताई, बाहेरचे बंद करा. खायचेच असेल तर घरी करून द्या."

त्यांनी माझे ऐकले. मे महिन्यातील रविवारी रात्री मटण झाले. उरलेले पातेले झाकून रात्रभर ओट्यावरच राहिले. सोमवारी दुपारी त्याच मटणाचे तुकडे ब्रेडमध्ये घालून, वर चीज ठेवून, तव्यावर भाजून सगळ्यांनी आवडीने खाल्ले. मध्यरात्रीपासून चौघांनाही पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. तिघे दोन दिवसांत बरे झाले. आजींना मात्र रक्तदाबाची गोळी सुरू होती. अंगातले पाणी कमी झाले, लघवी थांबली, मूत्रपिंडावर ताण आला आणि त्यांना पाच दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने त्या बऱ्या होऊन घरी आल्या.

आई मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच घरी करा म्हणाला होतात." त्यांचे खरे होते. घरी करा एवढेच मी सांगितले. कसे करा ते सांगायचे राहून गेले. ती चूक दुरुस्त करण्यासाठी आजचा लेख.

मूळ पदार्थ आणि आपला पदार्थ

हा पदार्थ मूळचा अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातला. १९३० च्या दशकात तेथे तो सुरू झाला. गोमांसाचे अगदी पातळ काप तव्यावर परतून लांब पावात भरायचे; त्यावर चीज घालण्याची पद्धत पुढे रूढ झाली. महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीवर मार्च २०१५ पासून बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे हे सँडविच बोकडाच्या मटणाचे किंवा कोंबडीचे होते. चवीला ते कमी नाही आणि पोषणालाही चांगले आहे. १०० ग्रॅम कच्च्या मांसातून साधारण २० ग्रॅम प्रथिने मिळतात. मटणातील लोह शरीर सहज शोषून घेते. शिवाय वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसलेले ब-१२ जीवनसत्त्व त्यातून मिळते.

आजार कसा होतो?

कच्च्या मांसावर जंतू असतातच. अखंड तुकड्यात ते मुख्यतः पृष्ठभागावर राहतात. खिमा केला की वरचे जंतू आतपर्यंत मिसळले जातात. परदेशी चित्रपटांत गुलाबी, अर्धकच्चे मांस खाताना दिसते, ते पाहून आपण तसे करू नये. खिमा आणि कोंबडी तर पूर्ण शिजलीच पाहिजे. मांसाच्या मधल्या भागाचे तापमान ७५ अंश सेल्सिअसपर्यंत गेले की बहुतेक जंतू मरतात.

काही जंतू मात्र बीजरूपाने शिजवण्यातूनही वाचतात. पातेले हळूहळू कोमट झाले की ते पुन्हा वाढू लागतात. ५ ते ६० अंश हा त्यांच्या वाढीचा टप्पा, आणि आपल्या मराठवाड्यातील उन्हाळ्याची रात्र त्यात अगदी बरोबर बसते. अनुकूल उष्णतेत जंतू दर वीस मिनिटांना दुप्पट होतात असे धरले, तर एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक जंतू होतात. मटणाला वास येत नाही, चवही बदलत नाही. वरील कुटुंबातील लक्षणे आणि त्यांची वेळ पाहता हाच प्रकार झाला असावा.

"पण आम्ही ते पुन्हा गरम केले होते," असे आई म्हणाल्या. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे, ब्रेड लाल झाला आणि चीज वितळले म्हणजे आतले गार मटण पुरेसे तापले असे होत नाही. चीज बऱ्याच कमी उष्णतेवर वितळते. दुसरी गोष्ट अशी की, काही जंतू अन्नातच विष सोडतात आणि ते विष उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेले मटण गरम करून वाचवण्याचा प्रयत्न करू नये. जिवावर येते, पण टाकून द्यावे.

करण्याची रीत

दोन सँडविचसाठी बिनहाडाचे १५० ग्रॅम मटण घ्या. खाटकाला मांडीचे, कोवळे मटण मागा. ते तासभर फ्रीजमध्ये ठेवले की घट्ट होते आणि पातळ कापता येते. मांसाचे धागे ज्या दिशेने असतील त्याच्या आडवे काप करा. धागे आखूड झाल्याने चावायला सोपे जाते. एक चमचा कच्च्या पपईचा कीस, लसूण, मिरपूड आणि लिंबाचा रस लावून झाकून फ्रीजमध्येच तासभर मुरू द्या. ओट्यावर नको.

कांदा आणि ढोबळी मिरची मटणाच्या आधी कापून बाजूला ठेवा. मटणाची सुरी व फळी साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावू नका. कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर उडतात. कच्च्या मांसाला हात लावल्यावर हात साबणाने धुवा.

तव्यात एक चमचा तेल तापवून मटणाचे काप मोठ्या आचेवर पाच मिनिटे परता. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा आणि मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजू द्या. मटण जून वाटले तर आधी कुकरमध्ये शिजवून घ्या. कोंबडीचे पातळ काप आठ-दहा मिनिटांत होतात. सर्वांत जाड काप मधोमध कापून पाहा. आत गुलाबी रंग नसावा, सुटणारा रस स्वच्छ असावा. मग कांदा-मिरची घालून पाणी आटेपर्यंत परता. हे सारण वाफाळते असतानाच ब्रेडवर पसरा, चीजची एक चकती ठेवा, वर दुसरा ब्रेड ठेवून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. लगेच खा. सोबत काकडी-टोमॅटो, वर लिंबू. लिंबामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र तासाभराने घ्या, कारण तो लोहाच्या आड येतो.

मिठाचा हिशेब

सारणात मी मीठ सांगितले नाही, हे गृहिणींच्या लक्षात आले असेल. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, एवढेच मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रेडच्या दोन कापांत आणि चीजच्या एका चकतीत मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ असते. चीज दुप्पट केले, वर सॉस आणि खारे लोणी आले, की दिवसाचा निम्मा वाटा एका सँडविचमध्ये संपतो. चीजमध्ये स्निग्धांशही भरपूर असतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे क्वचित, अर्धे आणि चीज कमी घालूनच खावे. चीज घेताना पाकिटावरील मजकूर वाचा; वनस्पती तेलापासून केलेला, चीजसारखा दिसणारा पदार्थही बाजारात मिळतो.

उरले तर काय?

शिजलेले मटण दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा. खोल पातेले आतून लवकर गार होत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. खाताना आधी कढईत वाफा येईपर्यंत सारखे गरम करा, मगच ब्रेडमध्ये भरा. गरम एकदाच करावे. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज सुमारे चार तास थंड राहतो.

दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांनी हे सँडविच डब्यात नेऊ नये. दुपारी भरलेला डबा रात्री उघडेपर्यंत जंतूंना भरपूर वेळ मिळतो. पनीर घातले तरी नियम हाच. डब्याला पोळी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बरी.

तरीही त्रास झालाच तर

जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून घोट-घोट पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. जुलाब बंद करण्याच्या गोळ्या व प्रतिजैविके मनाने घेऊ नका. शौचातून रक्त, जोराचा ताप, न थांबणाऱ्या उलट्या किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना लवकरच डॉक्टरांकडे न्या आणि रक्तदाब, मधुमेहाच्या सुरू असलेल्या गोळ्या दाखवा. जुलाब सुरू असताना त्यातील काही थांबवाव्या लागतात. तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

त्या घरात आता रविवारी मटण झाले की जेवण आटोपताच पातेले रिकामे करण्याचे काम मुलाने आपल्याकडे घेतले आहे. सँडविच अजूनही होते, पण ताज्या मटणाचे. आजींच्या वाट्याला त्यातले अर्धे, बिनचीजचे येते.